अंगठ्याची साक्ष

जुन्या कपाटाच्या फळीवर रंधा मारून झाला होता. तिची जात कळल्याशिवाय पात्याला किती धार हवी आणि सरस धरेल की नाही, हे ठरवता येत नाही. म्हणून फळीचा आडवा छेद पटाशीने स्वच्छ तासून मी दहापट भिंग डोळ्याला लावले, तेवढ्यात शेजारचे काका आले. त्यांनी फळी माझ्या हातून घेतली, पेरांनी ठोठावली, हुंगली, अंगठ्याला जीभ लावून तो नव्या गुळगुळीत पृष्ठभागावर फिरवला आणि निकाल दिला, "साग!"

"काका, सागात दर वाढवर्तुळाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग दिसते. इथे छिद्रे सर्वत्र विखुरली आहेत."

"जुन्या सागाची छिद्रे पांगतात."

"शिवाय रंग जांभळट आहे, त्यात काळ्या रेघा आहेत."

"धूर मुरला असेल."

"सागाचा घनमीटर साधारण ६५० किलो भरतो. ही त्याहून फार जड आहे."

"ओला आहे हो."

"कपाट माझ्या वयापेक्षा जुने आहे!"

"सागाला पाण्याची सवयच असते. उगीच का त्याची जहाजे करत?"

यावर काय बोलणार? या सगळ्या खुणा सांगत होत्या की फळी शिसवीची आहे. ज्या शिसवीच्या संपूर्ण वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून परवान्यांचे निर्बंध आले, तिची ओळख पटवायला जगभर तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकात डोळे घालतात आणि यांना एक ओला अंगठा पुरतो. रंधताना येणारा गोडसर सुवास हाही शिसवीचाच पुरावा होता. सागाचा वास चामड्याच्या अंगाने जातो. पण हे काकांना कोणी सांगावे?

खरा राग मला अंगठ्याचाच आहे. ओलाव्याने लाकडाचा रंग उठून दिसतो, हे मान्य. पण त्याने तंतूही उभे राहतात. शिसवीचे तंतू मुळातच एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे एका पट्ट्यात गुळगुळीत चालणारा रंधा शेजारच्या पट्ट्यात लाकूड उचकटतो. पात्याला पुन्हा धार लावून, कागदाहून पातळ ढलप्या काढत मी तो पृष्ठभाग साधला होता. आता मधोमध अंगठ्याएवढा खरखरीत डाग उमटला आणि काच कागद घेऊन सगळी फळी नव्याने घासणे आले. ही पूड नाकाला बाधते, म्हणून एरवी मी तोंडाला फडके बांधतो. रागाच्या भरात ते राहिले आणि शिंकांची माळ लागली.

काका कुंपणापलीकडून समाधानाने म्हणाले, "बघा, सागाच्या पुडीने असेच होते."