कलम 5 लागलं म्हणजे सैन्य निघालं, असं होत नाही

"नाटोच्या एका देशावर हल्ला झाला की कलम 5 नुसार उरलेले सगळे त्याच क्षणी युद्धात. संसद फक्त मान डोलावते, निर्णय एकट्या नेत्याचा." सीमेवर काही घडलं की हा मजकूर पुन्हा फिरू लागतो. लोक घाबरतात, आणि सरकारला जे विचारायला हवं ते राहूनच जातं. एकेक मुद्दा तपासून पाहू.

"त्याच क्षणी युद्धात."

नाटो या लष्करी आघाडीच्या 1949 च्या करारात असं कुठेही लिहिलेलं नाही. एकावरचा सशस्त्र हल्ला सगळ्यांवरचा मानायचा, हे खरं. पण मदत कोणती? तर प्रत्येक देशाला 'आवश्यक वाटेल ती'. त्यात लष्करी बळाचा वापर येऊ शकतो, यायलाच हवा असं नाही. शिवाय कलम 11 प्रमाणे अंमलबजावणी आपापल्या घटनेतल्या प्रक्रियेनुसारच करायची. कलम 6 ने तर भूगोलही आखून दिलाय. कर्कवृत्ताच्या दक्षिणेची बेटं त्यात बसत नाहीत, म्हणून ब्रिटनच्या फॉकलंड बेटांवरचा अर्जेंटिनाचा 1982 मधला हल्ला कलम 5 च्या बाहेर राहिला.

हे कलम आजवर एकदाच लागू झालंय, अमेरिकेवरच्या 11 सप्टेंबर 2001 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर. 12 सप्टेंबर 2001 चा निर्णय सशर्त होता: हल्ला परदेशातून झाल्याचं सिद्ध झालं तरच. ते 2 ऑक्टोबरला मान्य झालं आणि 4 ऑक्टोबरला आठ उपाय ठरले. गुप्त माहिती देणं, हवाई हद्द खुली करणं, बंदरं आणि विमानतळ वापरू देणं, टेहळणी विमानं, पूर्व भूमध्य समुद्रात नौदलाची जहाजं, अशा स्वरूपाचे. पायदळ पाठवणं त्यात नव्हतं.

"संसद मान डोलावते."

हे म्हणणाऱ्यांनी इराक युद्धाच्या वेळचं तुर्कस्तानचं 2003 चं मतदान बघावं. 6 फेब्रुवारीला संसदेने अमेरिकेला तळ आणि बंदरं दुरुस्त करायची परवानगी दिली. 1 मार्चला दुसरा ठराव आला: 62,000 अमेरिकी सैनिकांना देशात येऊ द्यायचं का? बाजूने 264, विरोधात 250, तटस्थ 19. 'हो' जास्त, तरी ठराव पडला. हजर 533 होते, म्हणून बहुमत 267 चं. तीन मतं कमी पडली. तटस्थ राहिलेल्यांनीच निकाल लावला. अमेरिकेच्या चौथ्या पायदळ डिव्हिजनची सामग्री भरलेली जहाजं भूमध्य समुद्रात ताटकळली आणि शेवटी सुएझमार्गे कुवेतला वळली. 20 मार्चला त्याच संसदेने हवाई हद्द मात्र उघडली. एकाच युद्धाबद्दल तीन प्रश्न आणि उत्तरं हो, नाही, हो. युद्धात सामील होणं असं तुकड्यातुकड्याने होतं.

जर्मनीत 2005 च्या कायद्यानुसार सरकारच्या प्रस्तावात कामगिरी, प्रदेश, सैनिकांची कमाल संख्या, मुदत आणि अंदाजे खर्च लिहावाच लागतो. संसद तो स्वीकारते किंवा फेटाळते, बदल करू शकत नाही. त्याआधी 2001 मध्ये चान्सलरने सैन्य पाठवण्याचा प्रश्न विश्वासमताला जोडला, तेव्हा 334 मतं हवी होती आणि मिळाली 336. ब्रिटनमध्ये मतदानाची कायदेशीर सक्ती नाही. तरी 29 ऑगस्ट 2013 ला सीरियावरच्या लष्करी कारवाईचा ठराव 285 विरुद्ध 272 असा हरला आणि पंतप्रधानांनी माघार घेतली.

"निर्णय एकट्या नेत्याचा."

इथे थोडं तथ्य आहे, आणि खरी काळजी इथेच वाटायला हवी. एप्रिल 2018 मध्ये ब्रिटनने सीरियावर हवाई हल्ले केले ते मतदान न घेताच. जमिनीवर सैनिक नाहीत, कारवाई छोटी, विमानं किंवा क्षेपणास्त्रं: अशा वेळी संसदेला सहज वळसा घालता येतो.

अमेरिकेचा 1973 चा कायदा सांगतो की 48 तासांत काँग्रेसला कळवा. परवानगी नसेल तर 60 दिवसांत थांबा, माघारीला फार तर आणखी 30 दिवस. लिबियातल्या नाटोच्या मोहिमेत अमेरिका सामील होती, तेव्हा 2011 मध्ये ही मुदत उलटली. सरकारने युक्तिवाद केला की आपला सहभाग मर्यादित आहे, याला कायद्यातल्या अर्थाने 'लढाई' म्हणता येत नाही, म्हणून मुदत लागूच नाही. 24 जूनला प्रतिनिधिगृहाने कारवाईला परवानगी नाकारली, 295 विरुद्ध 123. त्याच दिवशी पैसा रोखण्याचा प्रस्तावही 238 विरुद्ध 180 असा पडला. परवानगी नाही, पण पैसा चालू. नाटोची मोहीम थेट 31 ऑक्टोबरला संपली.