तुमच्याकडे देतात का फुकट?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आतेभावानं लिहिलं, "रेशनवर फुकट वाटून वाटून माणसं ऐतखाऊ झालीत. मार्केट यार्डात पोतं उचलायला हमाल मिळंना. आणि वर महागाईची रड आहेच." खाली खास माझ्यासाठी आणखी एक ओळ होती. "तायडे, तुमच्या इंग्लंडात देतात का असं फुकट? म्हणून पुढं गेले ते." त्यावर अंगठ्यांची रांग लागली. त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा.

आतेभावाची, म्हणजे दादाची, बार्शीत आडत आहे, शेतमालाची दलाली. तूर, उडीद, ज्वारी. तुरीचा भाव चढला की अडतीची रक्कमही चढते, हे तो ग्रुपवर लिहीत नाही. पण मला खरं झोंबलं ते "तुमच्या इंग्लंडात". पंधरा वर्षं झाली लेस्टरला, तरी हे इंग्लंड माझं कधी झालं ते मला कुणी कळवलेलं नाही.

तर दादा, देतात. चर्चच्या हॉलमध्ये, दर गुरुवारी, दहा ते एक. मी तिथं पिशव्या भरते. दवाखान्यातून, शाळेतून नाहीतर सल्ला केंद्रातून चिठ्ठी आणायची, मग तीन दिवसांचं सामान मिळतं. बीन्सचे डबे, पास्ता, टिकाऊ दूध, चहाच्या पुड्या. ट्रसेल नावाच्या संस्थेनं अशी पहिली फूड बँक २००० साली सॉल्झबरीत उघडली. २०२२-२३ या एका वर्षात त्यांच्या केंद्रांतून अशी जवळजवळ ३० लाख पार्सलं गेली. मार्च २०२३ मध्ये इथलं खाणं वर्षभरात १९ टक्क्यांनी महागलं होतं. पंचेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याच्या आदल्याच महिन्यात टेस्को या सुपरमार्केटात टोमॅटोच्या खोक्यांवर चिठ्ठी लागलेली, एका गिऱ्हाइकाला तीनच पाकिटं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला, तारीख संपत आलेल्या मालावर उतरलेल्या भावाची पिवळी स्टिकरं लावणारा पोरगा मशीन घेऊन फ्रीजपाशी आला की चार-पाच जण आजूबाजूला उगाच दह्याच्या डब्यांवरची तारीख वाचत उभे राहतात. कुणी कुणाकडे बघत नाही. त्यानं पाठ वळवली की हात पुढे. तीच माणसं काही महिन्यांनी गुरुवारी दिसायला लागतात. एका बाईनं मला पिशवीतले बटाटे परत दिले. "उकडायला फार वेळ लागतो, मीटरमध्ये पैसे नाहीत," म्हणाली. इथं कित्येक घरांत मीटरमध्ये आधी पैसे भरले तरच गॅस-वीज चालते. आता आम्ही वेगळी पिशवीच ठेवतो, नुसत्या गरम पाण्यात होणाऱ्या वस्तूंची. ही बाई एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. ऐतखाऊ म्हणायचं का हिला?

आणि गंमत बघ. तुझ्याकडे २०१३ पासून अन्नसुरक्षेचा कायदा आहे. माणशी पाच किलो, कार्डावर, हक्कानं. २०२३ पासून तेही फुकट. इथं धान्याचा हक्क सांगणारं कार्ड नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत पोरांना खिचडी मिळते. इथं शाळेतलं दुपारचं जेवण पहिली तीन वर्षं सगळ्यांना, पुढे घरची कमाई बघून. ज्या इंग्रजांनी रेशनिंग आपल्याला शिकवलं, त्यांच्याच पोरांच्या जेवणासाठी २०२० साली मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूला सरकारच्या मागे लागावं लागलं.

हे सगळं मी त्या रात्री टाइप करत होते तेव्हा फार बरं वाटत होतं, लपवत नाही.

पण मग आईकडे भांड्याला येणाऱ्या मावशी आठवल्या. त्यांच्या घरात पाच माणसं, म्हणजे महिन्याला २५ किलो धान्य. तेही राखेनं झिजलेला अंगठा मशीनवर उठला तर. कधीकधी तीन-तीन चकरा. गहू-तांदूळ आला, पुढे? तेल दहा-वीस रुपयांचं सुटं. तूर दीडशेच्या वर गेली तेव्हा त्या मसूर आणायला लागल्या, मग मसुराचंही वरण पातळ झालं. २०२२ मध्ये इंडोनेशियानं काही आठवडे पामतेल बाहेर पाठवणं थांबवलं, तिकडे युक्रेनच्या युद्धानं सूर्यफुलाचं अडलं, आणि मावशींनी तळण बंद केलं. भजी नाहीत, पुऱ्या नाहीत. पोरीच्या वाढदिवसाला शिरा केला, तोही पाण्यावर.

सरकारी पाहणीत २०२२-२३ साली खेड्यातल्या माणसाच्या खर्चातले रुपयाला ४६ पैसे खाण्यावर जात होते. त्यातले धान्यावर जेमतेम पाच. दादा म्हणेल, फुकट मिळतं म्हणूनच पाच. असेल. पण उरलेले एकेचाळीस कुणी फुकट दिले? इंग्लंडात सरासरी घराचे अकराच्या आसपास जातात. म्हणजे इथं १९ टक्के महागाई झाली तेव्हा सरासरी घराला रुपयामागे दोन पैसे जास्त पडले. जुलै २०२३ मध्ये, टोमॅटोनं शंभरी ओलांडली त्या महिन्यात, भारतात खाण्याची महागाई साडेअकरा टक्के होती. इथल्याहून आकडा लहान, पण खेड्यात रुपयामागे पाच पैशांचा फटका. आता हे मी कुणाच्या बाजूनं बोलतेय, मलाच कळेना.

आत्याचाही दाखला देणार होते. बहात्तरच्या दुष्काळात आत्या सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन जगली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. दादा, तुझी आई ऐतखाऊ होती का? लिहिलं आणि पुसलं. कारण दादाचं उत्तर मला माहीत होतं. "आईनं खडी फोडली होती तायडे, दुष्काळी कामावर. मग खाल्ली." ते खरंच आहे. आत्याच्या हाताला शेवटपर्यंत घट्टे होते. त्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. एवढंच म्हणेन की मावशीही सहा घरची भांडी घासतात, आणि आत्याच्या वेळी खडी फोडायला सरकारनं निदान काम तरी काढलं होतं.

आणि मी कोण मोठी? दोन वर्षांपूर्वी बार्शीला गेले तेव्हा मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस केली. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर तशीच जुडी, पिवळी पडलेली, मुकाट्यानं घेते. शिवाय ग्रुपवर मी काय टाकते? ब्लूबेलची फुलं, ख्रिसमसचे दिवे, बर्फात नवऱ्यानं केलेला गणपती. चर्चच्या हॉलमधला एकही फोटो टाकला नाही. इथले लोक पुढं गेलेत असं दादाला वाटत असेल, तर त्यात त्याच्याइतकीच मीही आहे.

नोव्हेंबरात एक मुलगा आला होता. चोविशीचा असेल. अंगावर गोदामातलं चमकतं जाकीट. चिठ्ठीवरचं आडनाव धाराशिव-लातूरकडचं. शिकायला आलेला, हे सांगायची गरज नव्हती. आठवड्याला वीस तास कामाची मुभा, सरकारी मदत काही नाही, व्हिसाची अटच असते तशी. बापानं रान गहाण टाकलं असणार. म्हणजे हे मी मनानंच ठरवलं. मला इतका आनंद झाला की मी काउंटरवरूनच ओरडले, "अरे, कुठला तू? बार्शीकडचा का? थांब, तुला तुरीची डाळ देते!"

हॉलमधल्या सगळ्यांनी वळून बघितलं.

त्याची मान खाली गेली. "इट्स फॉर माय हाउसमेट," तो म्हणाला. मी मराठीत बोलत राहिले, तो इंग्रजीत. डाळ घेतली नाही. पिशवी उचलली आणि गेला. त्याला आणखी दोन वेळा यायची मुभा होती, तो आला नाही. इतक्या दिवसांत त्या हॉलमध्ये मराठी बोलायला कुणी मिळालं नव्हतं, म्हणून मी बोलले. त्याच्यासाठी नव्हे. त्या क्षणी त्याला मी परदेशातली कुणी परकी बाई हवी होते, जिला बार्शी कुठं आहे ते माहीत नाही, आणि जिचा आतेभाऊ कुठल्या ग्रुपवर काही लिहीत नाही.

दादाला अजून उत्तर दिलेलं नाही. गुरुवारी जाते. यादीत आपल्याकडचं आडनाव दिसलं की काउंटर दुसऱ्या बाईवर सोपवते आणि मागच्या खोलीत डबे तारखेनुसार लावायला जाते.