माऊली, ओहेनरो-सान आणि परप्रांतीय

मी लोणंदचा. ज्ञानोबांच्या पालखीच्या वाटेवरचं गाव, नीरा स्नान झालं की सातारा जिल्ह्यातला पहिला मुक्काम आमच्याकडे. हे आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं त्यावरूनच डोक्यात आलंय. सध्या राहतो टोकियोत, निशिकासाईला, म्हणजे जिथं स्टेशनबाहेर जरा उभं राहिलं की एखादी मराठी शिवी हमखास कानावर पडते आणि बरं वाटतं.

नोकरी सॉफ्टवेअरची, आणि पगार बराचसा रेल्वेत जातो. इथं एक तिकीट मिळतं, नावाचा अर्थ साधारण 'तारुण्य १८', पण वयाची अट काही नाही, साठीचे काकाही घेतात. त्यावर जपानभर फक्त साध्या गाड्या चालतात, आपल्या पॅसेंजरसारख्या, बुलेट ट्रेन नाही. पूर्वी पाच दिवस सुट्टे सुट्टे वापरता यायचे, २०२४ च्या हिवाळ्यापासून सलग केले (ह्यावर आम्हा फिरणाऱ्यांचा राग अजून गेलेला नाही), पाच दिवसांचे १२,०५० येन. ४७ पैकी १९ प्रांत बघून झालेत. मामाचं म्हणणं एवढ्या वर्षांत एक गुंठा तरी झाला असता.

मार्चमध्ये शिकोकूला गेलो. त्या बेटावर ८८ देवळांची प्रदक्षिणा आहे, १,२०० किलोमीटरच्या आसपास, कोबो दाइशी म्हणजे आठव्या-नवव्या शतकातले बौद्ध भिक्षू कूकाई ह्यांच्या नावानं लोक ती चालतात. पांढरा अंगरखा, डोक्यावर गवताची टोपी, हातात काठी, आणि अंगरख्यावर लिहिलेलं असतं 'दोग्यो निनिन', मिळून दोघं चालतोय, म्हणजे तू आणि दाइशी. वाचलं आणि पहिलं काय आठवलं असेल सांगायला नको. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, इथं त्याच्या जवळजवळ पाचपट. मी अर्थात सगळी करणार नव्हतो, एक नंबरच्या र्‍योझेनजीपासून अकरापर्यंत, तीन दिवस, बास.

दुसऱ्या दिवशी एका गावात एक म्हातारी घरातून बाहेर आली, हाक मारली "ओहेनरो-सान!" म्हणजे यात्रेकरूबुवा, आणि हातात दोन हस्साकू ठेवले. हस्साकू म्हणजे मोठं आंबटगोड संत्रं, जरा पपनसाच्या वळणाचं. मी शहाणा, खिशातून १०० येनचं नाणं काढलं. तिचा चेहरा असा पडला की आत्ता लिहितानाही लाज वाटते. ह्याला 'ओसेत्ताइ' म्हणतात, यात्रेकरूला दिलं की दाइशींना पोचलं अशी समजूत आहे आणि म्हणून नाही म्हणायचं नसतं, पैसे तर काढायचेच नसतात, आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची हीच रीत. हे सगळं मी आदल्या रात्री पुस्तिकेत वाचलेलं होतं! पण ती रीत खरी कळली ती आजीच्या ओट्यावरून. पालखीच्या दिवशी आमच्याकडे पिठलं-भाकरी असते, पहाटे चारपासून चुली, आणि एखाद्या वारकऱ्यानं उठताना वीस रुपये पुढं केले असते तर आजीनं भाकरीसकट काय केलं असतं ते मला माहीत आहे.

हाकेचं पण बघा. तिथं ज्याला त्याला ओहेनरो-सान, नाव गाव कोणी आधी विचारत नाही. आमच्याकडे त्या दोन दिवसांत ज्याला त्याला माऊली. तो मराठवाड्यातला, विदर्भातला, कुठल्या जातीचा, हे सगळं नंतर, आधी पाय धुवायला पाणी.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर छान झालं असतं, 'प्रवासानं माणूस मोठा होतो' छाप. पण त्याच वाटेवर २०१४ साली, प्रदक्षिणेला १,२०० वर्षं झाली म्हणून उत्सव चालू असताना, यात्रेकरूंच्या विसाव्याच्या खोपटांमध्ये स्टिकर सापडले होते, 'आपली यात्रेची वाट कोरियन लोकांच्या हातून वाचवा' अशा अर्थाचे. कारण काय, तर एका कोरियन बाईनं ही प्रदक्षिणा पुन्हा पुन्हा करून आपल्या लोकांची वाट चुकू नये म्हणून कोरियन अक्षरातले दिशादर्शक स्टिकर लावले होते. म्हणजे हस्साकू देणारी आणि ते स्टिकर चिकटवणारा, दोघं एकाच वाटेवरचे. जपानबद्दल आमच्या ग्रुपवर फिरणाऱ्या 'बघा त्यांची संस्कृती' पोस्टमध्ये ही म्हातारी असते, ते स्टिकर कधीच नसतात.

आणि नुसतं फिरायची हौस असली की आदर आपोआप येतो हेही खरं नाही, मीच पुरावा. पहिल्या वर्षी क्योतोच्या गिओनमध्ये एक माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, गल्लीतून झपझप चालली होती, कामावर निघालेली पोरगी, आणि मी मोबाईल काढून तिच्या मागं पळत होतो, बरोबर आणखी पाच-सहा जण, सगळे 'कल्चर' बघायला आलेले. २०२४ मध्ये तिथल्या लोकांनी कंटाळून खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी केली, १०,००० येन दंडाचे बोर्ड लावले. त्या एका वर्षात ३ कोटी ६८ लाख परदेशी पाहुणे आले देशात, कोणाचंही डोकं फिरेल. बोर्डाची बातमी वाचली तेव्हा वाटलं ह्यात आपलाही वाटा आहे.

आता मुद्द्यावर येतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, २९ जूनला मागे घेतला, त्या अडीच महिन्यांत घरचे फोन म्हणजे सगळं तेच. सक्ती गेली ते उत्तम झालं, ह्यात मला काही शंका नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्यानं मराठी शिकावं हेही मला पटतं, इथं राहून तर जास्तच पटतं, मी जपानीच्या परीक्षा देत बसलोय ना. त्याच सुमारास मीरा रोडच्या दुकानदाराला कानाखाली मारल्याचा व्हिडिओ आला आणि मामा खूश. आणि त्याच वर्षी जुलैत, २० तारखेला, इथं वरच्या सभागृहाची निवडणूक झाली, 'जपानी माणूस फर्स्ट' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाला १४ जागा मिळाल्या. परदेशी किती वाढले ह्यावर टीव्हीवर रोज चर्चा. आहेत किती, तर २०२४ च्या शेवटी ३७ लाखांवर, शंभरात तीन. त्या तिघांत मी एक. म्हणजे सकाळी ग्रुपवर मी भूमिपुत्र आणि दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये परप्रांतीय, साडेतीन तासांच्या फरकानं.

ऑफिसातला एक सहकारी, अतिशय सज्जन माणूस, जेवताना मला म्हणाला की वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यासारख्यांबद्दल नाही बोलत ते. मी हसलो. पण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, शब्दन् शब्द, लोणंदला. आमच्या चौकात एक पाणीपुरीवाला आहे, मूळ उत्तर प्रदेशचा, मी शाळेत असल्यापासून. मामा भैय्यांच्या नावानं तासभर बोलला की शेवटी म्हणतो, "आपला हा न्हाई रं, ह्यो यगळा हाय." ज्याला आपण ओळखतो तो प्रत्येक जण वेगळाच असतो असं दिसतंय, मग नेमका राग कोणावर आहे?

त्या पाणीपुरीवाल्याचं अजून एक. तो नवीन आला तेव्हा मोडकंतोडकं मराठी बोलायचा, "मी तुमाला पानी देते" वगैरे, आणि आम्ही शाळेतली पोरं मुद्दाम त्याला बोलायला लावून खिदळायचो, आणि मग आपणच हिंदीत, "भैया, तीखा बनाना". जोर देऊन सांगतो, आपणच. मराठी माणूस समोरच्याला तोंड उघडायची संधी न देता हिंदीवर उतरतो, समोरचा चुकत माकत बोलला तर हसतो, आणि दहा वर्षांनी विचारतो मराठी का येत नाही. मी इथं पहिल्यांदा दुकानात जपानीत बोललो तेव्हा अंडी मागायच्या ऐवजी काहीतरी भलतंच मागितलं होतं. त्या बाईनं न हसता अंडी आणून दिली आणि म्हणाली 'जोझु', छान बोलता. थाप होती शुद्ध, पण त्या थापेवर मी वर्षभर शिकलो. शिकणाऱ्यानं चारचौघांत येडा दिसायची तयारी ठेवायची आणि घरच्यानं तेवढा वेळ त्याला येडा दिसू द्यायचं. आपल्या भांडणात मला हे दोन्ही दिसत नाही. एक म्हणतो शिकणार नाही जा, दुसरा कानाखाली देतो. कानाखाली खाऊन कोणी 'ळ' म्हणायला शिकलंय का?

आजी ह्या बाबतीत आमच्या सगळ्यांपेक्षा सरस निघाली. टोकियोतच असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन म्हणून देऊळ आहे, तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर इकडे आलेला, मूर्ती झाकलेली असते आणि नैवेद्य म्हणून लोक पांढरा लांब मुळा वाहतात. मी तिथून व्हिडिओ कॉल लावला. ग्रुपवर एकानं लगेच लिहिलं हा विटंबनेचा प्रकार आहे. आजी मात्र बराच वेळ मुळ्यांचा ढीग बघत राहिली आणि म्हणाली, "पाल्यासकट वाहत्यात व्हय? मग पाल्याची भाजी करत असत्याल." झालं. तिच्या दृष्टीनं विषय संपला.

दिवाळीत घरी गेलो होतो. संध्याकाळी चौकात गेलो, पाणीपुरीवाल्यानं ओळखलं, आता त्याचं मराठी आमच्यापेक्षा गावरान. "लई दिसानं दादा, तिखट चालतंय न्हवं?" विचारलं. मी सवयीनं कमरेत जरासा वाकून म्हणालो "हाय", जपानीतलं, म्हणजे हो. तो पळी तशीच धरून थांबला. "काय हाय?"