झेपेल तेवढंच देतो म्हणे

पावसाच्या तोंडावर समुद्र खवळायला लागला की आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विश्वास पक्का असेल तर संकट दारात येत नाही, आलंच तर घरात कुठेतरी पाप लपलेलं असतं, देव झेपेल तेवढंच ओझं देतो, म्हणून रडू नका, स्तुती करा. खाली जोडलेले हात. पाठवणारी माणसं आपलीच, मनाने चांगली. पण रायगडच्या किनाऱ्यावर राहून हा मेसेज मुकाट्याने पुढे ढकलणं मला जमत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत घुसलं. आमच्या गावात देवळाचे पत्रे गेले, मशिदीचे गेले, आमच्या प्रार्थनामंदिराचेही गेले. होड्या तेवढ्या वाचल्या, कारण त्या आधीच वर ओढून ठेवल्या होत्या. विश्वास बघून वारा वाट बदलत नाही. बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात गालीलच्या सरोवरात येशूच्या शिष्यांची होडी वादळात पाण्याने भरायला लागते. ते काही सांगणं मोडून निघाले नव्हते. ‘पलीकडे जाऊ या’ असं येशूच म्हणाला होता, आणि तो त्याच होडीत मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपला होता.

पापाच्या मुद्द्यावर मात्र मला राग येतो. माझ्या काकीच्या वाडीत साठेक पोफळी होत्या. वादळ गेल्यावर चार उभ्या राहिल्या. बाकीच्या मधोमध मोडलेल्या, मोडल्या टोकाचे तंतू पिंजून वर आलेले, आणि खाली झावळ्यांचा असा खच की विहीर कुठे आहे ते शोधावं लागलं. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे नुकसान एका हंगामाचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मंडळीतलं एक माणूस भेटायला आलं, त्या खचातच उभं राहिलं आणि म्हणालं, “प्रार्थनेत काही कमी पडलं का गं?” टाळेबंदीमुळे प्रार्थनामंदिराला मार्चपासून कुलूप होतं, हे तरी आठवायचं!

बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र असेच आले होते. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, आणि तेवढंच काय ते बरं केलं. मग तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार, हे पुस्तकभर घोळवत राहिले. शेवटी देव रागावला तो ईयोबाच्या मित्रांवर. येशूच्या काळात यरुशलेमातला शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, या प्रश्नाला येशूने ‘नाही’ असं सरळ उत्तर दिलं. ‘तुम्हीही पश्चात्ताप करा’ हे त्याने पुढे म्हटलं, पण ऐकणाऱ्यांना. मेलेल्यांचा हिशेब त्याने मांडला नाही.

झेपेल तेवढंच देतो, हे वाक्य प्रेषित पौलाने करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या दहाव्या अध्यायावरून उचललेलं आहे. तिथे विषय मोहाचा आणि मूर्तिपूजेचा: मोहात पडायची वेळ आली तर देव निभावून जायची वाट ठेवतो. मराठीत ‘परीक्षा’ शब्द आहे, म्हणून आपण त्यात कर्ज, कॅन्सर, वादळ सगळं कोंबतो. तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगायचीसुद्धा आशा उरली नव्हती. आपल्यावर नव्हे, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवायला तिथे शिकलो, असंही तो म्हणतो. झेपलं असतं तर ते शिकायची गरजच काय होती?

आणि रडू नका म्हणे. आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू रडला. बायबलमधलं ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही, तरी ते देवालाच म्हटलेलं आहे.

काकी रडली, चांगली आठवडाभर. रात्री मेणबत्तीशी बसून “देवा, हे बरं नाही केलंस” असं मोठ्याने म्हणायची, आणि सकाळी कोयता घेऊन झावळ्या ओढायला जायची. पुढच्या पावसात तिने नवी रोपं लावली. या वर्षी तो मेसेज परत आला तेव्हा मी तिला वाचून दाखवला. चष्मा वर करून तिने विचारलं, “ज्याने लिहिलंय त्याची वाडी कुठेशी रे?”