बारा लाख ‘करमुक्त’ नाहीत

फॅमिली ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: ‘आता १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त. शेअर, एफडी, दुकान सगळं त्यात आलं. जास्त होत असेल तर बायकोच्या नावावर टाका. रिटर्नची कटकट संपली.’ पहिलं वाक्यच अर्धवट आहे आणि बाकीची त्यावर उभी आहेत. खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, नव्या करप्रणालीतले.

‘१२ लाखांपर्यंत करमुक्त.’ करमुक्त आहेत ते पहिले ४ लाख. पुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के आणि १२ लाखांपर्यंत १० टक्के, म्हणजे १२ लाखांवर ६०,००० रुपये कर बसतोच. कलम ८७ए खालची रिबेट, म्हणजे काढलेल्या करातून मिळणारी सूट, तो शून्यावर आणते, आणि ही रिबेट फक्त निवासी व्यक्तीला आहे. तेच १२ लाख एचयूएफचे (हिंदू अविभक्त कुटुंबाचे) असतील तर सेस (करावरचा ४ टक्के उपकर) धरून ६२,४०० रुपये भरावे लागतात. भागीदारी फर्मच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाला पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं येत असेल, तर त्यालाही रिबेट नाही. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट असल्याने त्याचा आकडा १२.७५ लाख होतो; दुकानदाराला ती वजावट नाही.

एक उलटी भीतीही पसरली आहे, की १२ लाखांवर थोडं जरी गेलं तरी पूर्ण ६० हजार भरा. तसं नाही. उत्पन्न १२,१०,००० झालं तर स्लॅबने कर ६१,५०० येतो, पण सीमांत सवलतीमुळे, म्हणजे १२ लाखांच्या वरच्या रकमेहून जास्त कर लागू नये या नियमामुळे, तो वरच्या १०,००० इतकाच, अधिक ४ टक्के सेस.

‘शेअरचा नफाही त्यात आला.’ सर्वाधिक लोक फसतात ते इथे. समजा, वजावटीनंतर पगार १० लाख आणि वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा नफा दीड लाख. बेरीज साडेअकरा लाख, म्हणून माणूस निर्धास्त. पगारावरचा ४०,००० कर रिबेटमध्ये जातो, पण शेअरच्या नफ्यावर २० टक्के हा विशेष दर आहे आणि त्या कराला रिबेट लागू नाही. ३०,००० अधिक सेस, म्हणजे ३१,२०० रुपये भरायचेच. गृहिणीचं बाकी काहीच उत्पन्न नसेल तर मात्र तिचा नफा आधी ४ लाखांच्या मूळ सुटीत बसतो.

‘दुकानदारालाही शून्य.’ प्राप्तिकरापुरतं हे होऊ शकतं. छोट्या व्यावसायिकांचा नफा विक्रीवरून अंदाजाने धरणाऱ्या कलम ४४एडी खाली यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरतात. १ कोटी यूपीआयने आणि २० लाख रोख आले तर ६ लाख अधिक १.६ लाख, नफा ७.६ लाख, कर शून्य. पण मालाची उलाढाल ४० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, ती नफा पाहत नाही. महाराष्ट्रातला वार्षिक २,५०० रुपयांचा व्यवसाय करही वेगळा. कमिशन एजंटला ४४एडी वापरताच येत नाही.

‘बायकोच्या नावावर टाका.’ नवऱ्याने २० लाख बक्षीस दिले, तिने ७ टक्क्यांनी एफडी केली, तर १.४ लाख व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. एफडीवर तिचं नाव आहे, पॅन तिचा आहे, तरीही. त्या व्याजातून तिने पुढे जे कमावलं, ते तेवढं तिचं. सज्ञान मुलाला किंवा आईवडिलांना दिलेल्या पैशाला हा नियम लागत नाही.

‘रिटर्नची गरज नाही.’ एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न बंधनकारक, कर शून्य असला तरी. रिबेट मागायची जागाच रिटर्न आहे. त्याहून कमी उत्पन्नातही, वर्षाचं वीजबिल १ लाखावर किंवा परदेश प्रवासाचा खर्च २ लाखांवर गेला तर ते भरावंच लागतं. मुदत चुकली आणि उत्पन्न ५ लाखांवर असेल तर विलंब शुल्क ५,००० रुपये. बँकेने व्याजावर १० टक्के टीडीएस (आगाऊ कापलेला कर) कापला असेल, तर तोही रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही.