म्हणे, तेव्हा ऑफसाइडच नव्हता!

कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या माझ्या भाच्याने परवा एक व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड पाठवला. खाली प्रश्न : "मामा, हे खरंय का?" इंग्लंडच्या डर्बी काउंटी क्लबचा शंभरेक वर्षांपूर्वीचा गोल मारणारा खेळाडू स्टीव्ह ब्लूमर, त्याचे गोल फुकटचे, असा त्या मजकुराचा सूर. का, तर तेव्हा ऑफसाइड नव्हता, गोलकीपर नावालाच असायचा, देशासाठीचे गोल लिंबूटिंबू संघांवर मारलेले आणि गडी पगारी नव्हे, हौशी. वर 'जास्तीत जास्त शेअर करा'. केलंय की लोकांनी! आमच्या घरच्या ग्रुपवरही येऊन आदळलं.

ऑफसाइड नव्हता? अरे, आजच्यापेक्षा कडक होता! आज पास सुटताना बॉलच्या पुढे असलेल्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे दोघे असले की भागतं, नाहीतर ऑफसाइड. तेव्हा तिघे लागायचे. सहसा गोलकीपर आणि दोन बॅक, म्हणजे बचावपटू. त्यातला एक बॅक नुसता चार पावलं पुढे सरकला की पुढे घुसलेला खेळाडू ऑफसाइडमध्ये अडकला, शिट्टी. दुसरा बॅक मागे निवांत उभा, म्हणजे डाव फसला तरी सावरायला माणूस आहेच. न्यूकॅसल क्लबच्या बॅक बिल मॅकक्रॅकनने तर यावरच नाव कमावलं. त्यात १९०७ पर्यंत स्वतःच्या अर्ध्या मैदानातसुद्धा ऑफसाइड धरायचे.

या नियमाने गोल किती आटत होते ते बघायचं तर लीगचे जुने गुणतक्ते काढा. इंग्लंडच्या पहिल्या विभागात, म्हणजे लीगच्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या पातळीवर, १९२४-२५ मध्ये ११९२ गोल झाले. १९२५ च्या उन्हाळ्यात तीनाचे दोन केले आणि पुढच्या हंगामात १७०३. संघ तेच २२, सामने तेच ४६२. एव्हर्टन क्लबच्या डिक्सी डीनचे एका हंगामातले ६० गोल १९२७-२८ चे, म्हणजे ही सवलत मिळाल्यानंतरचे. ब्लूमर १८९२ ते १९१४ खेळला, अख्खी कारकीर्द तिघांच्या नियमाखाली. तरी पहिल्या विभागात तीनशेच्या वर गोल. घ्या, फुकटचे!

गोलकीपर नावालाच? १९१२ पर्यंत त्याला स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठेही बॉल हाताळता यायचा. हां, समोरच्या खेळाडूंना त्याला खांद्याने ढकलायची मुभा आजच्यापेक्षा जास्त होती, तेवढं सोडतो.

लिंबूटिंबूंच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. ब्लूमरचे इंग्लंडसाठी २३ सामन्यांत २८ गोल, पण सगळे शेजाऱ्यांवर : स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड. १८९६ मध्ये वेल्सला ९-१ ने चोपलं, त्यात याचे पाच. पण स्कॉटलंडवर आठ आहेत, आणि त्या काळी स्कॉटलंडला लिंबूटिंबू म्हणणाऱ्याला इतिहास शिकवायला माझ्याकडे वेळ नाही.

राहिला 'हौशी'. पगारी फुटबॉल १८८५ मध्येच अधिकृत झालं होतं. लोहाराचा हा पोरगा डर्बीत पगारावरच खेळायचा. १९०६ मध्ये मिडल्सबरो क्लबने त्याच्यासाठी ७५० पौंड मोजले. हौशी माणसाला कोण विकत घेतं? खेळ थांबवल्यावर पोटासाठीच १९१४ मध्ये बर्लिनला प्रशिक्षक म्हणून गेला, महायुद्ध पेटलं आणि जर्मनांनी त्याला रूहलेबेनच्या छावणीत डांबलं. पुढे स्पेनमध्ये इरून गावच्या रेआल उनिओन संघाला शिकवलं. १९२४ चा स्पॅनिश कप त्या संघाने जिंकला, फायनलमध्ये रेआल माद्रिदला हरवून.