हैतीचे हप्ते कोणी भरले?

‘देश श्रीमंत झाला की सत्ता आपोआप त्याच्या मागे येते’ हा नुकत्याच वाचलेल्या एका लेखाचा मुख्य सूर पटला नाही. इतिहासात कित्येकदा क्रम उलटा दिसतो. आधी तोफा, मग तिजोरी.

कॅरिबियन समुद्रातल्या हैतीचंच घ्या, ही पूर्वी फ्रान्सची वसाहत. तिथल्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौका पाठवल्या आणि मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. कारण काय, तर फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता गेली. त्या मालमत्तेत हे स्वतंत्र झालेले गुलामसुद्धा धरलेले! पहिला हप्ता भरायलाच कर्ज काढावं लागलं, तेही पॅरिसच्या सावकारांकडून. १८३८ मध्ये रक्कम कमी झाली खरी, पण या प्रकरणातून वाढत गेलेली कर्जं फिटायला १९४७ उजाडलं. एवढं झाल्यावर त्या देशाच्या गरिबीचं खापर निव्वळ तिथल्या राज्यकर्त्यांवर कसं फोडणार? (ते काही धुतल्या तांदळासारखे नव्हते, मान्य.)

ब्रिटननेही १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद करताना २ कोटी पौंडांची भरपाई ठरवली, ती मालकांना. गुलामांना छदामही नाही.

नुसती चांदी आली म्हणून देश श्रीमंत राहत नाही, हा लेखातला स्पेनबद्दलचा मुद्दा मात्र बरोबर. दक्षिण अमेरिकेतल्या पोटोसीच्या (आजच्या बोलिव्हियातल्या) खाणीतली चांदी येत असूनही १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये स्पेनच्या राजाने देणी थकवली. पैसा युद्धांत आणि व्याजात गेला. फक्त त्या खाणीत सक्तीने राबवलेल्या अँडीज पर्वतातल्या आदिवासींवर लेखात एक ओळ तरी हवी होती.